ओटीभरणाच्या दिवशी ठरवावयाची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण)



माझे आयुष्य बाळंतिणींच्या उशाशी गेले. तेव्हा आज मी दुसरे काय बोलणार?

आपल्या आज्या-पणज्या घरच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत झाल्या. बाज, शेगडी आणि सुईण एवढाच त्यांना आधार. सुईणीचा धीर मोठा असे. पण अंगावरून रक्त जाऊ लागले, की ते थांबविण्याचे औषध तिच्यापाशी नसे. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यास सेवासदन काढले. पुढे तेथील विधवा व मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकू लागल्या, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. आज त्याच विद्येची वारस नर्सबाई आपल्या दारी येते. सपाटीच्या मुलखात सुमारे ५,००० वस्तीला एक उपकेंद्र असावे असा दंडक आहे. २००५ च्या योजनेपासून जोडीला आशाताई आल्या. २०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या. साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. हे यश लहान नव्हे.

परंतु नर्सबाईच्या हाती नसलेली एक गोष्ट आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीची हकीकत सांगते. एका सुनेला आठव्या महिन्यात रक्त जाऊ लागले. मी म्हटले, "आत्ताच्या आत्ता हलवा." सासूबाई म्हणाल्या, "मालक कांद्याच्या बाजारात गेलेत, त्यांना येऊ द्या." मालक दिवेलागणीला आले. सून वाचली, मूल गेले. त्या घरात माया कमी नव्हती. फक्त "चला" म्हणण्याचा अधिकार कोणाकडे, हे ठरलेले नव्हते.

बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव झाला, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो. तेवढ्या वेळात परवानगी कोणाची मागायची?

म्हणून माझी विनंती ऐका. सातव्या महिन्यात आपण हौसेने ओटी भरतो, डोहाळेजेवण करतो. त्याच दिवशी सासूबाईंनी सर्वांसमक्ष चार गोष्टी ठरवाव्या: दवाखाना कोणता, गाडी कोणाची, सोबत कोण आणि रक्त लागले तर देणार कोण. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण व नेण्या-आणण्याची सोय २०११ च्या योजनेप्रमाणे मोफत आहे. रक्त जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, तीव्र डोकेदुखी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर कोणाची वाट पाहू नये.

माउलींची पालखी लोणंदला येते, तेव्हा अनोळखी वारकऱ्याच्या पायाला आपण तेल चोळतो. मग शेजारच्या सुनेसाठी रात्री दार उघडणे आपल्याला जड का जावे? मंडळाने आळीवार दोन-दोन भगिनी नेमाव्या आणि प्रत्येक गरोदर बाईला त्यांची नावे कळवावी. यंदाच्या वर्धापनदिनी एवढे झाले, तरी माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.