विटांचा हिशेब आणि छपराचा पैसा



देशाच्या कोणत्याही भागात प्रवास करताना अर्धवट राहिलेली घरे हटकून दृष्टीस पडतात. कोठे काम जोत्यावर थांबलेले असते, तर कोठे भिंती खिडक्यांच्या माथ्यापर्यंत चढलेल्या असतात. वर छप्पर नसते आणि आत गवत माजलेले असते. पाहणारा माणूस मालकाला किंवा मिस्त्रीला दोष देऊन पुढे जातो. पुष्कळदा खरे कारण याहून साधे असते. पायाची पहिली कुदळ मारण्यापूर्वी करावयाचा गुणाकार कोणी केलेलाच नसतो. या चुकीची किंमत श्रीमंताला थोडी आणि गरिबाला फार पडते, कारण गरिबाचा पैसा कर्जाचा असतो आणि पाऊस त्याच्यासाठी थांबत नाही.

हा गुणाकार अवघड नाही. लांबी, रुंदी, उंची आणि टक्केवारी एवढे ज्याला येते, त्याला तो जमतो. उदाहरणासाठी केरळातील एखाद्या खेड्यातले एका खोलीचे वाचनालय घेऊ. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने त्रावणकोरात ग्रंथालयांचा संघ स्थापन झाला, आणि गावोगावी वाचनालये उभारण्याच्या चळवळीला बळ मिळाले. अशी वास्तू गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभारावयाची, तर प्रत्येक रुपयाचा जाब द्यावा लागतो.

खोलीचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर हवे आहे, असे धरू. खोली १० मीटर लांब आणि २ मीटर रुंद ठेवली, तर तिची परिमिती २४ मीटर होते. तीच ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद ठेवली, तर १८ मीटर होते. वर्तुळाकार खोलीला तर १६ मीटरांहूनही कमी भिंत पुरते. बसायला जागा तेवढीच. भिंतीचा खर्च मात्र आकारावर ठरतो. वर्तुळाला छप्पर आणि कपाटे बसविणे थोडे कठीण जाते, म्हणून येथे ५ बाय ४ मीटरांची खोली पसंत करू.

आता भिंत मोजावयाची. तिची जाडी २३ सेंटिमीटर आहे. बाहेरून मोजल्यास परिमिती १९.८४ मीटर भरते आणि आतून १८ मीटर. बाहेरच्या मापाने चारही कोपरे दोनदा मोजले जातात. आतल्या मापाने ते मुळीच मोजले जात नाहीत. म्हणून जाडीच्या मध्यरेषेवरून माप घेण्याची रीत आहे. मध्यरेषेची लांबी १८.९२ मीटर येते. उंची ३ मीटर धरल्यास भिंतीचे क्षेत्रफळ ५६.७६ चौरस मीटर होते. त्यातून एक दार आणि तीन खिडक्या यांचे ६.४२ चौरस मीटर वजा केले, की ५०.३४ चौरस मीटर उरतात. कोपऱ्यांची चूक क्षुल्लक वाटते. पण तेवढ्यानेच पावणेतीनशेच्या जवळपास विटा जास्त मागविल्या जातात.

विटा किती लागतील, हे त्या कशा रचल्या जातात यावर अवलंबून असते. वीट २३ सेंटिमीटर लांब, ११ रुंद आणि साडेसात सेंटिमीटर जाड आहे आणि सांधा एक सेंटिमीटरचा आहे, असे धरू. नेहमीच्या भरीव बांधणीत विटा सपाट बसवितात, आणि एका चौरस मीटरला सुमारे ९८ विटा लागतात. दुसऱ्या रीतीत विटा कडेवर उभ्या करतात. दोन विटा भिंतीच्या दोन्ही अंगांना समांतर, आणि त्यांच्यानंतर एक वीट दोन्ही अंगांना जोडणारी आडवी, असा क्रम असतो. त्यामुळे मध्ये सुमारे आठ सेंटिमीटरांची पोकळी राहते. या रीतीला उंदराच्या सापळ्याची बांधणी म्हणतात. येथे प्रत्येक थर साडेआठऐवजी १२ सेंटिमीटर उंच चढतो, आणि चौरस मीटरला सुमारे ७७ विटा पुरतात. जाडी तीच राहते. विटा मात्र पाचव्या हिश्शाहून अधिक वाचतात.

या रीतीचा केरळात चिकाटीने प्रसार केला तो लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी. जन्माने इंग्रज असलेले हे वास्तुविशारद १९४५ साली भारतात आले आणि १९८९ मध्ये भारताचे नागरिक झाले. तिरुवनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारती त्यांच्या कामाचा ठळक नमुना आहेत. घराचे साहित्य घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार आपल्यावर परिणाम करून गेला, असे ते सांगत. त्या विचारातही हिशेब आहे, कारण विटेच्या भावात वाहतुकीचे भाडे मिळविल्याशिवाय तिची खरी किंमत कळत नाही.

आपल्या वाचनालयाला भरीव बांधणीने सुमारे ४,९३० विटा लागतील आणि पोकळ बांधणीने सुमारे ३,८८०. तळाचा व माथ्याचा थर आणि दार-खिडक्यांच्या कडा भरीवच ठेवाव्या लागतात. ती भर घातली, तरी साडेनऊशेच्या आसपास विटा वाचतात. शिवाय मधल्या हवेमुळे खोलीत ऊन कमी जाणवते. तुटफुटीसाठी पाच टक्के विटा अधिक धराव्यात. मात्र ही बांधणी शिकलेला गवंडी लागतो, आणि त्याची मजुरी वेगळी लिहावी लागते. ती न लिहिता बचत सांगणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

छपराचा हिशेब आणखी बोलका आहे. काँक्रीटचा स्लॅब भिंतींच्या बाहेरच्या कडेपर्यंतच घातला, तर त्याचे क्षेत्रफळ २४.३५ चौरस मीटर होते. चारही बाजूंना ६० सेंटिमीटर बाहेर काढला, तर ३७.७० होते. स्लॅबची जाडी अभियंत्याने ठरवावयाची. ती १० सेंटिमीटर धरली, तर काँक्रीट अडीच घनमीटरांच्या आतून पावणेचारांवर जाते. १:१.५:३ या प्रमाणात घनमीटरला सिमेंटची सुमारे आठ पोती लागतात. म्हणजे भिंतीबाहेरच्या भागाला जवळजवळ अकरा पोती जास्त लागली. ती वाया गेली काय? केरळात साधारणतः जूनच्या आरंभी पाऊस येतो आणि भिंतींवर तिरपा झोडपतो. पुढे आलेले छप्पर भिंत आणि पुस्तके, दोन्ही राखते. गणित निर्णय घेत नाही. निर्णयाची किंमत सांगते. घेणारा मग डोळे उघडे ठेवून घेतो.

पाया, जोते, भिंत, दारे-खिडक्या, छप्पर आणि फरशी, प्रत्येकाचे परिमाण असे काढून त्यापुढे गावातला चालू दर लिहावा. दोहोंचा गुणाकार ही त्या बाबीची रक्कम. बेरजेवर तीन ते पाच टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवावेत. मग हातातली रक्कम शेजारी लिहावी, आणि तिच्यातून छपराचा पैसा प्रथम बाजूला काढावा. काम पायापासून वर चढते. पैशाची तजवीज मात्र छपरापासून खाली उतरली पाहिजे. उरलेल्या पैशात पाया आणि भिंती बसत नसतील, तर खोलीच मोठी धरली गेली आहे.

अशा वेळी लांबी पाच मीटरांऐवजी साडेचार केली, तर मध्यरेषा एक मीटरने घटते. तीन चौरस मीटर भिंत, सुमारे २३० विटा, एक मीटर पाया आणि पावणेतीन चौरस मीटरांहून अधिक छप्पर एकदम कमी होते. वाचनालयात एक बाक कमी मावेल. कागदावर ही दुरुस्ती खोडरबराने होते. जोते बांधून झाल्यावर तीच करावयाची, तर पहारीने करावी लागते. आणि पैसे संपल्यावर ती पाऊसच करतो.