बोटाखालचा कळफलक कसा निवडावा?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘मोबाइलवरचा कळफलक’ असा फळ्यावर वाचून काही भगिनी हसल्या, हे मी पाहिले. त्यावर एवढे काय बोलावयाचे, असे त्यांना वाटले असेल. गेल्या वर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते.

झाले असे की, आमच्या मोठ्या जाऊबाईंचे रक्त तपासावयाचे होते. ते उपाशीपोटी द्यावयाचे, म्हणून आदल्या रात्री मी त्यांना निरोप लिहिला, “सकाळी माणूस येईल, तोवर चहा घेऊ नका.” निदान माझ्या समजुतीप्रमाणे मी तसे लिहिले. ‘नक’ इतके उमटताच फलकाने वर ‘नका’, ‘नको’, ‘नक्की’ असे तीन शब्द मांडले आणि माझे बोट शेजारच्या शब्दावर पडले. निरोप गेला तो “चहा घेऊ नक्की” असा! जाऊबाईंनी चहा घेतला, वर दोन खारी खाल्ल्या. तपासणीचा माणूस रिकाम्या हाताने परतला आणि मधुमेहाची गोळी वाढवावयाची की नाही, हा निर्णय चार दिवस लांबला. मी विचारावयास गेले, तर त्या म्हणाल्या, “अगं, तूच तर लिहिलंस नक्की घ्या म्हणून!”

दोष निम्मा माझा, कारण पाठविण्यापूर्वी मी वाचून पाहिले नाही. परंतु तेव्हापासून मी या वस्तूची नीट चौकशी केली. तीच आपणांपुढे ठेवते.

प्रथम हा फलक शब्द सुचवितो कसा ते पाहू. आपला नेहमीचा वाणी आपण पायरी चढताच तूरडाळ मोजू लागतो. कारण दर महिन्याला आपण तीच नेतो. फलकाचेही तसेच. कोणत्या शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो, याचा हिशेब त्याच्यापाशी असतो, आणि आपण लिहू तसतशी त्यात आपल्या सवयीची भर पडते. त्याला अर्थ कळत नाही. केवळ सवय कळते. ज्या दिवशी मूगडाळ हवी, त्या दिवशी आपणच तोंड उघडले पाहिजे.

ही युक्ती नवी नाही. 1990 नंतरच्या दशकात आकड्यांच्या बटणांचे फोन होते. एका बटणावर तीन-चार इंग्रजी अक्षरे असत, आणि ‘टी-नाइन’ नावाची सोय त्यांतून शब्द ओळखीत असे. मराठीचे काम याहून अवघड आहे. इंग्रजीत घर या शब्दाची रूपे दोन. आपल्याकडे घराला, घरातून, घरासमोरच्या, घरच्यांनीसुद्धा अशी कितीतरी! म्हणून इंग्रजीत हुशार ठरलेला फलक मराठीत अडखळतो. दुसऱ्याने केलेली स्तुती ऐकून निवड करू नये, ती याचसाठी.

मराठी लिहिण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, देवनागरी अक्षरांचा फलक. अक्षरे शोधण्यास प्रारंभी वेळ लागतो, पण लिहिले तेच उमटते. मुंबईच्या आय. आय. टी.त तयार झालेल्या ‘स्वरचक्र’ या फलकात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती मात्रांचे चक्र उघडे. आपल्या बाराखडीला धरून केलेली ही रचना होती. दुसरी वाट, इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटविण्याची. ती सोपी, पण ‘के-ए-एल’ लिहिले तर काल, काळ, कळ की कल, हे यंत्राने कसे ओळखावे? तिसरी वाट बोलून लिहिण्याची. गूगलने मराठीसाठी ही सोय 2017 च्या ऑगस्टमध्ये आणली. ज्यांची दृष्टी अधू आहे वा बोटे दुखतात त्यांना ती मोठा आधार आहे. मात्र विरामचिन्हे व नावे तपासून घ्यावी लागतात.

आता परीक्षा. कोणताही फलक घेतला की हे वाक्य लिहून पाहावे: “बाळाच्या आजोळी कळवा, दुसऱ्या बॅगेत ज्ञानेश्वरी आहे.” यात ळ आहे, ऱ्या आहे, बॅ आहे आणि ज्ञ आहे. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले, किंवा ळ शोधण्यातच वेळ गेला, तर तो फलक आपल्या कामाचा नाही. ‘नाही’ऐवजी ‘नहीं’ येऊ लागले, तर भाषा हिंदी लागली आहे असे समजावे आणि सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडावी.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची. आपण लिहितो ते प्रत्येक अक्षर या फलकाच्या हातून जाते. घराची किल्ली ज्याच्या हाती द्यावयाची, त्याची चौकशी आपण करतो ना? बाहेरचा फलक सुरू करताना अँड्रॉइड फोन स्वतःच इशारा देतो की, हा फलक तुमचे सांकेतिक शब्दसुद्धा गोळा करू शकेल. आयफोनवर ‘पूर्ण प्रवेश’ देऊ का, असे विचारले जाते. आपण न वाचताच होकार देतो. 2017 च्या डिसेंबरात एका परदेशी फलकाच्या सुमारे 3 कोटी 10 लाख वापरकर्त्यांची माहिती उघड्यावर पडल्याचे निष्पन्न झाले. तीत त्यांच्या ओळखीच्या माणसांचे क्रमांकही होते. फलकाला आपल्या नातेवाइकांचे क्रमांक कशाला हवेत? बोलून लिहावयाचे असेल तरच मायक्रोफोन द्यावा, बाकीचे नाकारावे.

मग घ्यावा कोणता? फोनबरोबर आलेला फलक आधी नीट तपासावा. पुष्कळदा त्यातच मराठी असते. आयफोनमध्ये ती आहेच. अँड्रॉइडवर गूगलचा जीबोर्ड मराठीच्या तिन्ही वाटा देतो. मायक्रोसॉफ्टचा स्विफ्टकी एकाच वेळी मराठी आणि इंग्रजी लिहिणाऱ्यांना सोयीचा वाटतो. लिहिलेले फोनबाहेर जाऊच नये असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी हेलीबोर्ड पाहावा. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. सोयी मात्र थोड्या कमी.

एका वेळी दोनच फलक ठेवून एकेक आठवडा वापरावेत. चष्म्याशिवाय अक्षरे दिसत नसतील तर फलकाची उंची वाढवावी. आपोआप शब्द बदलण्याची सोय बंद करावी. सुचविणे चालू राहू द्यावे. जीबोर्डमध्ये चुकीचा शब्द वारंवार सुचत असेल, तर तो दाबून धरून टोपलीकडे ओढला की जातो. आणि औषध, पैसे व वेळ यांविषयीचा निरोप एकदा वाचल्याशिवाय पाठवू नये.

भगिनींनो, फोनमध्ये फलक नातीने बसवून दिला तरी चालेल, पण निवड आपली असावी. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपणांस अभिमान आहे. तो अभिमान रोजच्या निरोपातही दिसावा. आमच्या जाऊबाई आता स्वतः लिहितात. परवा त्यांचा निरोप आला, “चहाला ये. नक्की.” तो शब्द या वेळी बरोबर होता.