जुना संगणक आणि स्वॅपची ये-जा



आपल्या स्मरणिकेचा मजकूर ज्या संगणकावर जुळविला जातो, तो आम्ही टोकियोच्या अकिहाबारा भागातून वापरलेला विकत घेतला. रॅम अवघी 4 गिगाबाइट; त्यावर लिनक्स बसविले. परंतु लेख, छायाचित्रे आणि ब्राउझर एकदम उघडले की यंत्र थिजून जाई आणि हार्ड डिस्क अखंड कुरकुरत राही.

त्याचे कारण असे. रॅम अपुरी पडू लागली म्हणजे लिनक्स तिच्यातील तूर्त न लागणारा भाग डिस्कवरील राखीव जागेत नेऊन ठेवते. त्या जागेस स्वॅप म्हणतात. तो भाग पुन्हा लागला की परत आणावा लागतो, आणि डिस्क तर रॅमच्या मानाने फारच मंद. ही ये-जा वाढली की संगणकाचा बहुतेक वेळ तीतच जातो.

आम्ही उतावीळपणे स्वॅप समूळ बंद केले. (चूक सर्वस्वी आमचीच.) रॅम भरताच लिनक्सने सर्वाधिक जागा व्यापणारा प्रोग्रामच बंद केला. त्याबरोबर एका वयोवृद्ध भगिनींच्या आठवणींची, अद्याप न साठविलेली 3 पृष्ठे गेली. त्यांनी ती गावाहून फोनवर सांगितली होती.

मग रीतसर तपासले. ‘व्हीएमस्टॅट 1’ ही आज्ञा दिली असता ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने दर सेकंदाची ये-जा दाखवितात. ते शून्यापाशी स्थिर असतील, तर स्वॅप थोडे भरलेले दिसले तरी काळजी नको. आमचे आकडे मात्र सतत उसळत होते. ‘स्वॅपिनेस’ हे मूल्य मूळचे 60 असते. ते आम्ही 10 केले. मग लिनक्स आधी फायलींच्या तात्पुरत्या प्रती सोडते, चालू प्रोग्रामांना शक्यतो हात लावीत नाही. हे मूल्य सिस्टीमच्या मांडणी-फायलीत लिहून ठेवावे, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू करताच 60 परत येतात.

शून्याचा मोह मात्र नको. 2012 साली हिताची समूहातील सातोरु मोरिया यांनी केलेल्या बदलामुळे, लिनक्स गाभ्याच्या 3.5 आवृत्तीपासून 0 चा अर्थ कडक झाला. मोकळी रॅम आणि फायलींच्या प्रती तळाला जाईपर्यंत प्रोग्रामांचा भाग बाहेर काढलाच जात नाही. मोठ्या सर्व्हरांना ते मानवेल; आमच्या 4 गिगाबाइटवर पुन्हा तीच गत झाली असती.

त्या भगिनींनी आठवणी पुन्हा सांगितल्या. विहिरीचा प्रसंग मात्र दुसऱ्यांदा तसा आला नाही.