दस्तुरी नाक्यापुढची वाट



सुट्टीत चार दिवस डोंगरावर जावे, हवा पालटावी, असे कोणाला वाटत नाही? परंतु पुष्कळ माणसे एकाच ठिकाणी जाऊ लागली, की ज्या झाडीसाठी आणि शांततेसाठी ती जातात, तीच आधी नाहीशी होते. मग माणसांना अडवायचे, की झाडीवर पाणी सोडायचे? यातून निघण्याचा एक मार्ग आहे. जागेची आखणीच अशी करायची, की माणसांनी यावे आणि झाडीही राहावी. रायगड जिल्ह्यातील माथेरान हे त्याचे उदाहरण आहे.

हा डोंगर सुमारे ८०० मीटर उंचीचा. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तो चढून गेले, आणि त्यांनी माथेरान ‘शोधून काढले’ असे पुस्तकांत लिहिले गेले. पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांना मात्र तो आधीपासून ठाऊक होता! १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी वर नेली. वीस-एकवीस किलोमीटरची ही वाट. डोंगर फार फोडायचा नाही, म्हणून रूळ त्याच्या अंगाअंगाने वळत जातात.

आणि मोटार? तिला दस्तुरी नाक्यावर थांबावे लागते. पुढे पायी चाला, घोड्यावर बसा, नाही तर जवळच्या अमन लॉज स्थानकावर छोटी गाडी धरा. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले, तर नियम एवढाच. पण त्याचे परिणाम बघा. मोटारी नाहीत, म्हणून रुंद रस्ते नकोत. रुंद रस्ते नकोत, म्हणून तेवढी झाडे वाचली. झाडे वाचली, म्हणून तांबडी माती जागेवर राहिली, कारण जांभ्यावरची ही माती एकदा उघडी पडली, की कोकणातला पाऊस तिला धुऊन नेतो. आणि माणसाचा लाभ कोणता? लहान मूल वाटेवर पुढे पळाले, तर बापाच्या छातीत धस्स होत नाही. करमणूक आणि रक्षण, दोन्ही एकाच नियमाने साधली.

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा मुलूख पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. त्यात पायथ्याचाही भाग आला. हे योग्यच झाले. उतारावरची झाडी गेली, तर माथा कशाच्या आधारावर उभा राहणार?

परंतु या चित्राची दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. म्हाताऱ्या, आजारी माणसांनी चढावे कसे? त्यासाठी हातरिक्षा होती. दोन-तीन माणसांनी चढणीवर ओढायची, मागून ढकलायची. म्हणजे मोटारीचा धूर वाचला, पण त्याची किंमत माणसाच्या छातीने भरली. डिसेंबर २०२२ मध्ये विजेच्या रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय ई-रिक्षांतून करावी असे सांगितले. नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या पायवाटांवर नकोत, असेही ठरवून दिले. घोडेवाल्यांची तक्रार होती, की ब्लॉकवर जनावर घसरते. तेही पोटाचेच बोलत होते.

तेव्हा आखणी म्हणजे नुसती नकाशावरची रेघ नव्हे. ती रेघ कोणाच्या खांद्यावर पडते, हेही पाहावे लागते.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपल्या गावीही देवराई असेल, तळे असेल, यात्रेचे मैदान असेल. पुढच्या सहलीआधी मुलांना घेऊन एकदा तिथे जा आणि कागदावर नकाशा काढायला सांगा. गाड्या कुठे थांबाव्यात? जेवायला कुठे बसावे? उष्टे-खरकटे कुठे टाकावे? कोणत्या झाडीत पाऊल टाकू नये? आणि या बंधनाने गावातल्या कोणाचे सरपण, कोणाची चराई बंद होईल? या शेवटच्या प्रश्नासाठी मुलांना त्या माणसांच्या घरी पाठवा. उत्तर घेऊन मग तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा.