पेरणीपूर्वींचा वाटा

ताजी भाजी मिळावी ही इच्छा प्रत्येक घरीं असते. परंतु त्या ताजेपणाची किंमत कोणीं व केव्हां द्यावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बाजाराची रीत अशी कीं, माल तयार झाल्यावर पैसा मिळावयाचा. शेतकऱ्याला तर पैसा लागतो तो पेरणीच्या तोंडीं. बियाणें, खत, मजुरी हा खर्च आधीं होतो. पुढें गारा पडोत, कीड लागो वा भाव कोसळो, सारा तोटा त्याच्या एकट्याच्या माथीं बसतो. अस्मानीचा हा भार खाणाऱ्यांनींहि उचलावा, या हेतूनें अमेरिकेंत १९८६ सालीं सुरू झालेली एक योजना पाहण्यासारखी आहे.

तिला पूर्वपीठिका आहे. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत, कीटकनाशकांच्या धास्तीमुळें, शहरांतील गृहिणींनीं थेट शेतकऱ्यांशीं करार केले. त्या पद्धतीस तेथें ‘तेइकेई’, म्हणजे सहकार्य, असें म्हणतात. स्वित्झर्लंडमध्येंहि अशीं शेतें होतीं. त्यांचा अनुभव घेऊन यान व्हॅन्डर टुइन हा गृहस्थ अमेरिकेंत आला, आणि मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ‘इंडियन लाइन फार्म’ या शेताच्या मालकीण रॉबिन व्हॅन एन यांची व त्याची गांठ पडली. १९८५ च्या शरद ऋतूंत प्रथम सफरचंदांचे वाटे आगाऊ विकून पाहिले. पुढच्या वर्षीं भाजीपाल्याची पाळी आली.

योजना सरळ आहे. शेतकरी आपल्या मजुरीसह वर्षाचा एकंदर खर्च मांडतो, त्याचे वाटे पाडतो, आणि प्रत्येक कुटुंब आपल्या वाट्याचे पैसे हंगामापूर्वींच देतें. मग हंगामभर दर आठवड्यास शेतांत जें तयार असेल, त्याचा वाटा घरोघर जातो. जूनमध्यें सॅलडचीं पानें, मुळे, मटार. ऑगस्टांत टोमॅटो, काकड्या, मक्याचीं कणसें. ऑक्टोबरांत बटाटे, गाजरें, भोपळे. निवड करण्याची सोय बहुधा नसते. टोपलींत नवलकोल आला आणि तो शिजवावा कसा हें ठाऊक नसलें, तर शेजारणीस विचारावें लागतें. जी भाजी सकाळीं मातींत होती, ती संध्याकाळीं चुलीवर चढते, हा मात्र लाभ बाजारांत सहसा मिळत नाहीं.

त्याच १९८६ सालीं न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन येथील शेतानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. तेथें वाट्याची किंमतच ठरलेली नसते. वार्षिक सभेंत खर्चाचा अंदाज वाचून दाखवितात, आणि ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें आंकडा सांगावयाचा. बेरीज कमी भरली, तर पुन्हां सर्वांना विचारतात.

कसोटी लागते ती वाईट वर्षीं. २००९ सालीं अमेरिकेच्या ईशान्य भागांत टोमॅटोवर करपा रोगाची मोठी सांथ आली. अशा वेळीं केवळ बाजारावर विसंबणाऱ्याचें त्या पिकाचें उत्पन्नच बुडतें. वाट्यांच्या शेतांत टोपली हलकी होते. परंतु शेतकऱ्याच्या हातीं हंगामाचा खर्च आलेला असतो, आणि एक पीक गेलें तरी इतर पिकें उरतात. अर्थात् योजनेंत उणिवाहि आहेत. कित्येक कुटुंबें टोपलींतील भाजी संपत नाहीं म्हणून एका वर्षानंतर वाटा सोडतात. आणि गिऱ्हाईक दुरावेल या भीतीनें कित्येक शेतकरी स्वतःचीच मजुरी कमी धरतात. तसें झालें म्हणजे भार पुन्हां जुन्याच खांद्यावर येतो.

रॉबिन व्हॅन एन १९९७ सालीं अकालीं वारल्या, आणि शेताचें पुढें काय, असा प्रश्न उभा राहिला. १९९९ सालीं त्या भागांतील लोकांच्या भूमि-न्यासानें जमीन विकत घेतली, निसर्गरक्षण करणाऱ्या एका संस्थेनें त्यास हातभार लावला, आणि नव्या शेतकरी जोडप्यास ती जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्यानें मिळाली. सफरचंदांच्या वाट्यापासून निघालेला विचार असा जमिनीपर्यंत पोहोंचला. ताजी भाजी हवी असेल, तर ती पिकविणारा शेतावर टिकला पाहिजे; आणि तो टिकावा ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नव्हे.