औषधांचंही पासबुक ठेवा

(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. हयात बँकेत गेली. दुसऱ्याच्या हिशेबातली चूक मला लगेच दिसायची, स्वतःच्या गोळ्यांतली मात्र दिसली नाही. तीच आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला आम्ही उभयता मार्कंड्याला गेलो. दिवसभर उपवास, डोक्यावर ऊन, दर्शनाची लांब रांग. मध्येच लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही बेतानंच प्यालो. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी चार दिवस सकाळ-संध्याकाळ चालूच होती. बीपीची गोळी रोजचीच. तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी आलो तर पाय सुजलेले, लघवी कमी. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" मी म्हटलं, "काही नाही." सौ.नी पर्समधून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. "हे काय मग, चिवडा आहे का?"

डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणी कमी असताना बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि पेनकिलर एकत्र आल्या की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. वेळेवर कळलं, पेनकिलर बंद झाली, म्हणून निभावलं.

याच डायक्लोफेनॅकनं देशातली गिधाडं संपत आणली. जनावरांना ते द्यायचे. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपल्या गडचिरोलीच्या जंगलात वनखात्यानं गिधाडांसाठी 'उपाहारगृह' काढलं, ते उगाच नाही. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण ती गोळी 'साधी' म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नये.

तेव्हा एक वही करा. गोळीचं नाव, किती, केव्हा, कोणी दिली. चूर्ण, काढे, डोळ्यांचे थेंबसुद्धा लिहा. प्रत्येक डॉक्टरला तीच वही दाखवा. उपवास, उलट्या, जुलाब असतील तर बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं, ते आधी विचारा. मनानं बंद करू नका. पायाला सूज, लघवी कमी, शौच काळी झाली तर थांबू नका. औषधाचा दुष्परिणाम सरकारकडे आपणही नोंदवू शकतो : 1800-180-3024, टोल-फ्री.

बँकेत नोंद लपवली तर ऑडिटर पकडतो. माझ्या घरी सौ.नी पकडलं. तुम्ही स्वतःच दाखवा.