टाकीवरची रेघ



काही वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या बुलेटची टाकी नव्यानं रंगवून घेतली. काळा रंग झकास बसला, पण टाकीच्या दोन्ही अंगांना कंपनीची जी सोनेरी रेघ होती ती त्या रंगाखाली गेली. रंगवणारा म्हणाला, "रेडियमची पट्टी लावून देतो, दहा मिनिटांचं काम." लावली. पुढच्या उन्हाळ्यात पट्टीची टोकं सुटली, त्यात धूळ भरली, आणि एके दिवशी गाडी पुसताना ती फडक्यासोबत माझ्या हातात आली. मग कोणीतरी अकोल्यातल्या अकोट फैलाकडच्या एका म्हाताऱ्या पेंटरचा पत्ता दिला. त्यांनी टाकी पुसली, ब्रश रंगात बुडवला, जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानावर दोनचार वेळा फिरवला आणि पट्टी न धरता, खूण न करता, टाकीच्या पोटावरून एक रेघ आपल्याकडे ओढत आणली. चहा यायच्या आत दुसरी बाजूही झाली. मी विचारलं, "उस्ताद, हे मला शिकवाल का?" ते हसले आणि म्हणाले, "शिकाले काय लागते सर? एक ब्रश लागते आन् रिकामा येळ लागते." मी नुकताच निवृत्त झालो होतो. वेळ होता.

या कामाला इंग्रजीत पिनस्ट्रायपिंग म्हणतात. आपल्याकडचे पेंटर 'लायनिंग' म्हणतात, नाहीतर सरळ 'रेघ मारणं'. घोड्यांच्या बग्ग्या बनवणाऱ्यांकडून हे काम मोटारीवर आलं. बग्गीचा बाक, चाकाचा घेर डोळ्यांत भरावा म्हणून कडेनं बारीक रेघ. रोल्स रॉइस कंपनी आजही आपल्या गाडीच्या अंगावरची रेघ हातानं काढून घेते; तिची जाडी असते फक्त तीन मिलिमीटर. अमेरिकेत १९५० च्या दशकात केनेथ हॉवर्ड नावाचा माणूस, ज्याला लोक वॉन डच म्हणून ओळखत, त्यानं हीच रेघ मोटारसायकलींवर आणि गाड्यांवर अशी काही नाचवली की तरुण पोरं त्याच्यापुढे रांगा लावू लागली. आणि आपली बुलेट? ती १९५५ पासून चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये बनू लागली. त्या कारखान्यात टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागीर वर्षानुवर्षं हातानं ओढत आले आहेत. म्हणजे माझ्या टाकीवरची जी रेघ मी बेफिकिरीनं बुजवली, ती कोणाच्या तरी बोटांतून आलेली होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर थोडी लाज वाटली.

वऱ्हाडाला हे काम परकं नाही. आपल्याकडे तर वाहनाच्या आधी वाहन ओढणाऱ्याच्या अंगावर रेघा आल्या. पोळ्याला बैलाची शिंगं घासून त्यांवर हिंगूळ, मग बेगड, वरून वार्निश. शिंग गोल, निमुळतं, वाकडं. आणि बैल मान हलवणार. ज्यानं पोळ्याच्या सकाळी बैलाच्या शिंगावर एक सरळ वळसा काढला त्याला बुलेटची टाकी म्हणजे पाटी आहे. दमणी आणि रेंगी या बैलगाड्यांच्या चाकांवर, आऱ्यांवर लाल-पिवळ्या रेघा असायच्या. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आमचे वडील आम्हाला नेत, तेव्हा मला बैलांच्या वेगापेक्षा शिंगांचे रंग जास्त आठवायचे.

मग ट्रक आले. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गाडी पासिंगला न्यायची, त्याआधी रंगवायची. एमएच २७ म्हणजे अमरावती आणि एमएच ३० म्हणजे अकोला, या नंबरांचे कितीतरी ट्रक उस्तादांनी रंगवले. केबिनवर जय गजानन, मागच्या फाळक्यावर हॉर्न ओके प्लीज, आणि चारी बाजूंनी रेघांची चौकट. एका ट्रकच्या नुसत्या रेघांना दोन दिवस लागत. मध्यंतरी, २०२२ च्या जूनमध्ये, आपल्या अमरावती–अकोला रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान एका पदरात मोजलेला ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाला आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. मी ही बातमी उस्तादांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "झाला असंन. पन त्याच्यावरून जानारा ट्रक आता कोन रंगवते?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. आधी फ्लेक्स आला आणि दुकानांच्या पाट्या गेल्या. मग रेडियम आलं. २०१५ च्या एप्रिलअखेर राज्य सरकारनं हॉर्न ओके प्लीज लिहायला मनाई केली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या कारखान्यातूनच उच्च सुरक्षा नंबरप्लेट घेऊन यायला लागल्या, पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली, आणि नंबर लिहिण्याचं रोजचं काम बंद पडलं. यात कोणाला दोष देऊ? हॉर्नचा कर्कशपणा कमी व्हायला हवा, चोरीची गाडी सापडायला हवी. उस्तादांचा मुलगा स्वतः रेडियम कापायचं मशीन चालवतो आणि बापापेक्षा बरा कमावतो. रेडियम स्वस्त आहे, झटपट आहे, मापात बसतं. मला ते मेल्यासारखं दिसतं, ही माझी खोड.

तर, सुरुवात कशी करायची? आधी ब्रश. लायनिंगचा ब्रश पाहिला की हसू येतं. दांडी बोटभर आणि केस दांडीशी बरोबरी करणारे, दीड-दोन इंच लांब, एका अंगानं तलवारीसारखे निमुळते होत गेलेले. लांब केस कशाला? त्यांच्या पोटात रंग साठतो, म्हणून हातभर रेघ मध्ये न तुटता येते. साध्या ब्रशनं वीतभर गेलात की रंग संपतो, आणि जिथं जोड द्याल तिथं गाठ दिसते. चांगले ब्रश खारीच्या जातीच्या प्राण्याच्या केसांचे असतात, आता कृत्रिम केसांचेही मिळतात. उस्तादांनी मात्र आयुष्यभर साध्या चपट्या ब्रशचे केस ब्लेडनं तिरपे कापून काम चालवलं. एक सांगून ठेवतो. कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश कौतुकानं दाखवला तर घेऊ नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे.

रंग म्हणजे साधा ऑइल पेंट, लहानात लहान डबी. त्यात टर्पेंटाइन थेंबाथेंबानं घालायचं. किती? उस्तादांचं माप असं की ब्रशवरून रंग पातळ पिठल्यासारखा ओघळला पाहिजे. भाताच्या पेजेसारखा झाला तर गाडीवरून खाली पळतो. मग ते कॅलेंडरचं पान. रंगात बुडवलेला ब्रश त्या पानावर पुढे-मागे फिरवायचा, म्हणजे सगळे केस सारखे भिजतात आणि टोकाला धार येते. पुष्कळ पेंटर ही धार ओठात धरून काढतात. कृपा करून तसं करू नका. घराच्या रंगातल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांच्या, कारखान्यांच्या पिवळ्या-तांबड्या रंगात शिसं असू शकतं.

पृष्ठभाग साबणानं धुवा, कोरडा करा, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा आणि नंतर त्याला हात लावू नका. बोटाच्या तेलावर रंग बसत नाही, मागे सरकतो आणि बारीक भोकं पडतात. सरळ रेघेला आधार हवा असेल तर सुतार मारतात तसं खडूचं सूत मारा, किंवा अर्धा इंच दूर मास्किंग टेप चिकटवा आणि तिच्या कडेकडेनं चला. टेपला लागून रंगवायचं नाही, टेपकडे बघत बघत जायचं. करंगळी गाडीच्या अंगावर टेकलेली, ब्रश अंगठा आणि पहिल्या बोटात, केस जवळजवळ आडवे, आणि रेघ आपल्याकडे ओढायची. मनगट हलवायचं नाही. लांब रेघ असेल तर आपण मागे मागे चालत जायचं. वळण आलं की दांडी चिमटीत हळूच फिरवायची. दाब वाढला की रेघ जाड होते, कमी झाला की बारीक. सुरुवातीला दोन्ही एकाच रेघेत होतं.

माझ्या पहिल्या शंभरेक रेघा नागमोडी झाल्या. मी दात-ओठ खाऊन ब्रशच्या टोकाकडे बघत होतो. उस्ताद तिकडून ओरडले, "सर, ब्रशकडे काहाले पाहून रायले? जिथं जाचं हाय तिथं पाहा ना! सायकल चालवतांना चाकाकडे पायता काय?" हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं. नजर वीतभर पुढे ठेवली आणि हात आपोआप तिच्या मागे यायला लागला.

या रंगाचा मोठा गुण हा की तो चूक पोटात घालतो. रेघ बिघडली तर पहिल्या काही मिनिटांत टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून टाका, खालच्या वाळलेल्या रंगाला काही होत नाही. हे लक्षात आलं की भीती जाते, आणि भीती गेली की हाताचा कंपही बराचसा जातो.

मात्र आपल्याकडचं ऊन विसरू नका. अकोल्यात एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास फिरत असतो आणि पत्र्याला हात लावता येत नाही. तापल्या पत्र्यावर टर्पेंटाइन उडून जातं, रंग केसांतच घट्ट होतो आणि रेघ ओरखड्यासारखी उमटते. पावसाळ्यात उलट, दोन दोन दिवस वाळत नाही. दिवाळी ते होळी हा खरा हंगाम; उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, सावलीत. काम झालं की ब्रश टर्पेंटाइननं धुऊन शिलाई मशीनचं तेल लावून सपाट झोपवून ठेवायचा. उभा ठेवला तर केस वाकडे होतात, मग नवा ब्रश. आणि हौस वाढून आख्ख्या गाडीचाच रंग बदलावासा वाटला तर आरटीओत नोंद करावी लागते, हे ध्यानात ठेवा.

सराव कशावर करायचा? काच उत्तम, पुसता येते. जुनी पत्र्याची पेटी चालते. मी आमच्या घरची गव्हाची कोठी घेतली. गोल असल्यामुळे टाकीसारखाच बाक मिळतो. बायकोनं पहिल्या आठवड्यात काही म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "यातला गहू खायचा आहे की नुसता पाहायचा?" मग मी कोठी अंगणात नेली. मागच्या महिन्यात उस्ताद घरी आले होते. कोठीभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत, ब्रश मागितला.

आज त्या कोठीवर सत्तेचाळीस रेघा आहेत. त्यातल्या दोन बऱ्या आहेत. एक उस्तादांची.